दगड आणि टाइल्सवरची काजळी कशी काढावी: आधी कोरडं काम, मग सोडा, ॲसिड नाहीच

काळी पडलेली भिंत दिसली की हात पहिल्यांदा पाण्याच्या बादलीकडे जातो. काजळीच्या बाबतीत तेवढं एक टाळा, कारण निम्मं नुकसान तिथेच होतं. वरवर बसलेली भुकटी पाण्याबरोबर दगडाच्या छिद्रांत उतरते आणि झटकून निघाली असती ती काजळी कायमची मुरते.

आमच्या जुन्या घराचं चुलीचं स्वयंपाकघर, त्याला लागून असलेलं देवघर आणि नंतर नात्यातल्या एका फ्लॅटमधला आगीने काळवंडलेला ओटा, एवढी कामं मी घरच्या माणसांना हाताशी घेऊन केली आहेत. सुरुवातीला सल्ले सगळीकडून आले: ॲसिड टाका, ब्लीच टाका, पॉलिश मशिन फिरवा. त्यातले बहुतेक घातक आहेत. का, ते एकदा कळलं की पुढच्या पायऱ्या आपोआप समजतात.

काजळीत दोन गोष्टी असतात. एक म्हणजे कार्बनचे अतिशय बारीक कण. दुसरी म्हणजे त्यांना धरून ठेवणारा चिकटा: लाकडाच्या धुरातला डांबरासारखा अंश, फोडणीच्या तेलाची वाफ, समईचं तेल. कार्बन पाण्यात विरघळत नाही, साबणात विरघळत नाही आणि ॲसिडमध्येही नाही. ब्लीचने तो पांढराही होत नाही, कारण तो रंगाचा डाग नव्हे. ॲसिड टाकल्यावर भिंत स्वच्छ दिसते ती काजळी विरघळली म्हणून नाही, तर काजळीखालचा दगड विरघळला म्हणून. तेव्हा आपलं काम एवढंच: सुटे कण कोरडेच उचलायचे, आणि उरलेल्यांचा चिकटा सौम्य क्षाराने, म्हणजे सोड्याने, सोडवायचा.

१. आधी बघा, ही काजळीच आहे का

पांढरा टिश्यू किंवा जुन्या धोतराचा तुकडा कोरडाच हलक्या हाताने फिरवा. काळी भुकटी आली तर सुटी काजळी आहे. काही आलं नाही आणि बोटाला चिकट लागलं तर तेलकट राप आहे. दोन्ही नसेल आणि दमट कोपऱ्यात काळे-हिरवे ठिपके असतील तर ती बुरशी. तिचा उपाय वेगळा, हा लेख तिच्यासाठी नाही.

आगीनंतर आणखी एक गोष्ट दिसते. लोहाचा अंश असलेला दगड साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की लालसर होतो. हा रंग दगडाच्या आतला आहे, तो कशानेही धुतला जाणार नाही. चुनखडीचा दगड त्याहून कितीतरी जास्त तापला तर पांढरा आणि भुसभुशीत होतो. तिथे घासत बसू नका; तो तुकडा बदलायचा की ठेवायचा एवढाच प्रश्न उरतो. टाइल्स बोटाच्या पेराने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर मागचं सिमेंट सुटलं आहे, आणि अशी टाइल आधी साफ करून मग काढण्यात अर्थ नाही.

२. आग लागून गेली असेल तर झाडू उचलण्याआधी

चुलीची किंवा समईची काजळी असेल तर ही पायरी सोडून पुढे जा.

घराचा विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत काहीही साफ करू नका. साफ केलेल्या भिंतीचं नुकसान दाखवता येत नाही. जवळ ठेवायचे कागद असे:

- पॉलिसीची प्रत
- अग्निशमन दलाचा अहवाल किंवा दाखला
- पोलीस पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत
- प्रत्येक भिंतीचे, छताचे आणि फरशीचे फोटो, लांबून आणि जवळून
- जळालेल्या वस्तूंची यादी आणि मिळतील तेवढी बिलं
- दुरुस्ती आणि साफसफाईचं लेखी कोटेशन

मेन स्विच बंद ठेवा आणि इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय भिंतीला पाणी लावू नका. वायर, प्लास्टिक जळालं असेल तर त्या काजळीत आम्लधर्मी अंश असतात. संगमरवर आणि नळाच्या क्रोमवर ते बसून राहिले तर दिवसागणिक डाग खोल जातो, म्हणून सर्व्हेअरची भेट लवकर मागा. आगविझव्या सिलिंडरमधली पिवळट पावडर पडली असेल तर तीही कोरडीच गोळा करा. ओली झाली की ती धातू खाते.

३. दगड ओळखा

सगळ्यात जास्त चुका या पायरीवर होतात. आपल्याकडच्या घरांत नेहमी दिसणारे दगड दोन गटांत मोडतात.

पहिला गट चुनखडीचा: शहाबादी फरशी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर. शहाबादी आणि कडप्पा दिसायला कणखर असले तरी ते चुनखडीचेच दगड आहेत, त्यामुळे लिंबू, व्हिनेगर, चिंच, टॉयलेट क्लीनर यांतलं काहीही त्यांना चालत नाही. काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर जे पांढुरके, मळकट डाग दिसतात त्यातले बरेचसे काजळीचे नसून कुणीतरी लिंबाने घासल्याचे असतात.

दुसरा गट: काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, ग्रॅनाइट आणि कोकण-गोव्यातला जांभा. यांना लिंबाचा थेंब लागलीच खात नाही. पण वाड्याच्या भिंतीत दोन दगडांमधल्या दरजा चुन्याने भरलेल्या असतात, आणि तो चुना ॲसिडने विरघळतो. दगड उभा राहील, दरज मोकळी होईल आणि पावसाळ्यात भिंत झिरपेल. तेव्हा याही गटाला ॲसिड नको.

ओळख पटत नसेल तर ओट्याखाली किंवा दाराआड, जिथे कुणाची नजर जात नाही अशा जागी, लिंबाचा एक थेंब टाकून बघा. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर तेवढीच जागा निस्तेज झाली तर दगड पहिल्या गटातला. शेजारी पाण्याचाही थेंब टाका. तो लगेच शोषला गेला तर दगड सच्छिद्र आहे आणि पाणी अगदी बेताने वापरायचं.

४. सामान

- एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे. काजळीत कर्करोगाला कारण ठरणारी रसायनं असतात. ती नाकातोंडात जाऊ देऊ नका.
- मऊ केसांचा रुंद ब्रश किंवा रंगाऱ्याचा कोरा ब्रश
- हेपा फिल्टर असलेला व्हॅक्यूम क्लीनर, भाड्याने मिळाला तरी चालेल. साध्या व्हॅक्यूममधून बारीक काजळी मागून परत खोलीत उडते.
- काजळी उचलणारा कोरडा रबरी स्पंज, ऑनलाइन मिळतो
- नायलॉनचा ब्रश, जुने टूथब्रश, सुती फडकी भरपूर
- प्लास्टिकची पट्टी किंवा मुदत संपलेलं एटीएम कार्ड
- धुण्याचा सोडा, खायचा सोडा, भांडी घासायचं साधं लिक्विड (लिंबूवालं नको)
- शंखजिऱ्याची पावडर (टाल्क) किंवा मुलतानी माती, लेपासाठी
- दोन बादल्या: एक द्रावणाची, एक स्वच्छ पाण्याची

तारेची घासणी यादीत नाही, ती आणूही नका. तिने दगडावर ओरखडे उठतात, आणि तुटलेले बारीक तुकडे छिद्रांत अडकून पुढे गंजतात. काळा डाग गेला आणि तांबडा आला, अशी गत होते.

५. कोरडं काम

यात घाई करू नका. एकूण कामाचा निम्मा वेळ इथे गेला तर पुढचं निम्मं काम वाचतं.

खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा. जमिनीवर जुनी चादर किंवा प्लास्टिक अंथरा. वरून सुरुवात करा: छत, मग भिंत, मग ओटा, शेवटी फरशी. आधी जळमटं काढा. काजळीने जड झालेली जळमटं झाडूने ओढली की भिंतीवर काळे फराटे उमटतात, त्यामुळे ती व्हॅक्यूमने शोषून किंवा काठीच्या टोकाला गुंडाळून उचला. व्हॅक्यूमचं तोंड भिंतीला टेकवायचं नाही, बोटभर अंतरावर धरायचं.

मग रबरी स्पंज. एका दिशेने, वरून खाली, एकमेकांवर थोडे चढणारे पट्टे ओढा. गोल गोल घासलं की काजळी पसरते. स्पंजची एक बाजू काळी झाली की दुसरी घ्या; सगळ्या बाजू भरल्या की वरचा थर कात्रीने कापून टाका. हा स्पंज कधीही धुवायचा नाही, भिजला की तो निकामी होतो.

स्पंज मिळत नसेल तर गुळगुळीत टाइल्सवर घट्ट कणकेचा गोळा दाबून फिरवला तरी काजळी चिकटून येते. हा उपाय गंमतीचा वाटेल, पण अमेरिकेत कोळशाच्या शेगड्यांच्या काळात भिंतीच्या कागदावरची काजळी काढायला पिठाचाच गोळा विकला जायचा, आणि १९५६ साली तोच पुढे प्ले-डो नावाचं खेळणं म्हणून बाजारात आला. खडबडीत दगडावर मात्र कणीक वापरू नका. छिद्रांत पीठ राहतं आणि मुंग्या लागतात.

६. ओट्यामागच्या टाइल्स

चकचकीत टाइल्सवर काचेचा थर असतो, त्यात काहीच मुरत नाही. म्हणून हे सगळ्यात सोपं काम.

एक लीटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि अर्धा छोटा चमचा लिक्विड घाला. या द्रावणात टिश्यू किंवा पातळ फडकी भिजवून टाइल्सवर चिकटवून टाका आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच राहू द्या. बहुतेक लोक इथे जोर लावतात. जोर लागत नाही, वेळ लागतो. मग फडकी काढा, सुटलेला चिकटा प्लास्टिकच्या पट्टीने ओढा आणि ओल्या फडक्याने पुसा. ओलं काम खालून वर न्यायचं. वरून सुरू केलं तर काळे ओघळ खालच्या कोरड्या भागावर उतरतात आणि ते काढणं मूळ डागापेक्षा अवघड जातं. शेवटचं स्वच्छ पाणी मात्र वरून खाली.

एक सावधगिरी: धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला काळं करतो. खिडकीच्या पट्ट्या, ट्रॉलीची हँडल्स आधी झाकून घ्या.

टाइल्स लखलखीत झाल्या तरी मधल्या रेघा काळ्याच दिसतात, कारण रेघांत भरलेलं ग्राउट सिमेंटचं आणि सच्छिद्र. खायच्या सोड्याची घट्ट पेस्ट रेघांत भरा, दहा मिनिटांनी टूथब्रशने घासा, पुसा. दोनदा करूनही काळपटपणा राहिला तर पुढे घासू नका. वरचं दोन-तीन मिलिमीटर ग्राउट खरवडून नवं भरून घ्या. गवंड्याला सांगितलं तर तो दिवसभरात पूर्ण ओट्यामागचं करून देतो आणि खर्चही बेताचा असतो.

७. शहाबादी, कोटा आणि कडप्पा

द्रावण तेच, पण सोडा निम्मा. फरशी आधी साध्या पाण्याने नुसती ओलसर करून घ्या, म्हणजे छिद्रं पाण्याने भरतात आणि काळं पाणी आत जायला जागा उरत नाही. मग हातभर लांबी-रुंदीचा एकेकच तुकडा घ्या: द्रावण लावा, पाच मिनिटं थांबा, नायलॉनच्या ब्रशने घासा, काळं पाणी फडक्याने लगेच उचला, स्वच्छ पाण्याने दोनदा पुसा. सोडा मागे राहिला तर सुकल्यावर पांढरी भुकटी वर येते. त्यामुळे शेवटचं पुसणं टाळू नका. शहाबादीच्या थरांत पाणी साचून राहिलं तर पापुद्रे सुटतात, तेव्हा धुण्यासारखं पाणी ओतायचं नाही.

कडप्प्याला चमक यावी म्हणून बरीच घरं वरून खोबरेल लावतात. त्या तेलावर काजळी बसत जाते आणि वर्षानुवर्षांचा मेणचट थर होतो. सोड्याच्या दोन-तीन हातांत तो निघतो. थर निघाल्यावर दगड करडा, रुक्ष दिसेल. तो त्याचा खरा रंग आहे. घाबरून पुन्हा तेल लावू नका.

८. देवघराचा संगमरवर

इथे मी सगळ्यात जास्त काळजी घ्यायला सांगेन. समईच्या मागचा काळा-पिवळा पट्टा म्हणजे वर काजळी आणि आत मुरलेलं तेल. कापूर पेटला की काजळी भरपूर सोडतो, त्यामुळे आरतीच्या ताटाच्या वरची जागा बहुधा सर्वांत काळी असते. संगमरवराला धुण्याचा सोडा नको, खायचा सोडाच.

कोरडं काम झाल्यावर साध्या लिक्विडच्या दोन थेंबांच्या पाण्याने पुसून घ्या. उरलेल्या डागावर लेप. शंखजिऱ्याची पावडर आणि खायचा सोडा सारख्या मापाने घ्या, लिक्विडचे काही थेंब टाकलेल्या पाण्यात चक्क्याइतका घट्ट कालवा आणि डागाच्या बाहेर दोन बोटं जाईल असा, साधारण अर्धा सेंटिमीटर जाड लावा. वर प्लास्टिक लावून कडा टेपने बंद करा. चोवीस तासांनी प्लास्टिक काढा आणि लेप पूर्ण वाळू द्या. वाळताना पाणी बाहेर येतं आणि आतला चिकटा सोबत घेऊन लेपात उतरतो. ओला असतानाच लेप काढला तर मेहनत वाया गेली. वाळलेला लेप लाकडी चमच्याने उचला, पुसा, बघा. जुन्या डागाला दोन-तीन लेप लागतात आणि प्रत्येक वेळी तो थोडाच फिका होतो.

ताजमहालाच्या पिवळ्या पडलेल्या संगमरवरावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मुलतानी मातीचे लेप दिले, त्याचं तत्त्व हेच. शंखजिरं मिळालं नाही तर तुम्हीही मुलतानी माती वापरू शकता, फक्त आधी आडबाजूला लावून बघा.

काजळी गेली आणि नुसता पिवळट तेलाचा डाग उरला तर औषधाच्या दुकानातलं तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड पावडरीत कालवून वरचाच लेप द्या. लेपाचं पाणी नेहमी फिल्टरचं घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार पांढऱ्या दगडावर उमटतात.

९. वाड्याचा काळा पाषाण, कोकणातला जांभा

काळ्या पाषाणाला शहाबादीची रीत चालते. दरजांवरून मात्र मऊ ब्रश फिरवा, चुना पिठासारखा सुटत असेल तर तिथे पाणी लावूच नका.

जांभा मऊ आणि जाळीदार असतो. चुलीमागच्या जांभ्याची काजळी पूर्ण निघत नाही, निघावी असा हट्टही धरू नये. कोरडा ब्रश आणि व्हॅक्यूम, बस. प्रेशर पंपाने जांभा धुतला की काजळीबरोबर त्याचा वरचा थरही वाहून जातो, आणि उघडी पडलेली नवी जाळी दुप्पट वेगाने मळते. भिंत उजळ हवीच असेल तर कोरडं काम करून चुन्याचे दोन हात द्या. वरच्या वाशांची काजळी कोकणात बरेच जण मुद्दाम ठेवतात, धुराने कीड लागत नाही म्हणून. मीही ती ठेवली.

१०. देऊळ असेल तर

गावच्या देवळाचा गाभारा किंवा दीपमाळ साफ करायचा उत्साह दिवाळीच्या, जत्रेच्या आधी येतो. आधी चौकशी करा की देऊळ संरक्षित स्मारक आहे का. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा पुरातन स्मारकांविषयीचा कायदा अशा वास्तूंना लागू होतो आणि पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय तिथे हात लावता येत नाही. संरक्षित नसलं तरी सँडब्लास्टिंग, म्हणजे यंत्राने वाळूचा मारा, करू देऊ नका. यंत्राने एका दिवसात दगड नवा दिसतो, पण कोरीव कामाच्या कडा आणि शिलालेखाची अक्षरं बोथट होतात, ती परत येत नाहीत. गाभाऱ्याच्या भिंतीवर कोरडा ब्रश चालेल. मूर्तीला, विशेषतः वज्रलेप (झीज थांबवायला दिलेला संरक्षक लेप) झालेल्या मूर्तीला, सोडा, साबण, लेप काहीही लावू नका. ते जाणकारांचं काम आहे.

११. या गोष्टी एकत्र करू नका

ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनियावालं काच क्लीनर एकत्र आलं तरी विषारी वायू होतो. बंद न्हाणीघरात किंवा छोट्या स्वयंपाकघरात हा जीवघेणा प्रकार आहे. आधी कुणी ॲसिड टाकून गेलं असेल तर भरपूर पाण्याने धुऊन, वाळवून, मगच पुढचं काम करा.

१२. वाळवणं आणि सीलर

काम संपल्यावर दगड नीट वाळायला किमान दोन आठवडे द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त. ओल्या दगडावर सीलर, म्हणजे छिद्रांत पाणी आणि तेल मुरू न देणारं द्रावण, लावला की ओल आत कोंडते. सीलर घ्यायचा तर दगडात मुरणारा, वर थर न धरणारा घ्या. दुकानात सिलेन-सिलोक्सेनचा म्हणून मागा. तो लावण्याआधी काजळी खरोखर निघाली आहे ना, हे टिश्यूने पुन्हा तपासा. राहिलेल्या काजळीवर चढवलेला कोणताही चकचकीत थर पुढे काढता काढता नाकी नऊ येतात. अजिंठ्याच्या चित्रांवर १९२० च्या दशकात निजामाच्या काळात इटालियन तज्ज्ञांनी शेलॅकचं, म्हणजे लाखेचं, व्हार्निश दिलं. ते पिवळं पडलं, मळ त्याखाली अडकला आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर इंचाइंचाने काढावा लागला. घरच्या ओट्यासाठी असे तज्ज्ञ येणार नाहीत.

डाग पुन्हा पडू नये म्हणून समई भिंतीपासून हातभर पुढे ओढा, वातीचं जळकं टोक रोज कापा आणि कापराच्या आरतीची जागा संगमरवराखालून हलवा. गॅसची ज्योत पिवळी दिसत असेल तर बर्नरची भोकं साफ करून घ्या. निळ्या ज्योतीने टाइल काळी होत नाही.